नवजात बाळासाठी सीपॅप: घशात नळी न घालता श्वासाला आधार

पनवेलच्या एनआयसीयूत पेण, कर्जत, खालापूरकडूनही बाळे येतात. 'बाळाला मशीनवर ठेवलंय, म्हणजे सीरियस आहे का?' हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न. मशीन म्हटले की व्हेंटिलेटर डोळ्यांसमोर येतो. सीपॅप म्हणजे व्हेंटिलेटर नाही. यात श्वास बाळ स्वतःच घेते.

फुफ्फुसांतले हवेचे बारीक फुगे उघडे ठेवणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत कमी असतो. मग प्रत्येक श्वास सोडताना फुगे मिटतात आणि पुढच्या श्वासाला बाळाला ते नव्याने उघडावे लागतात. श्वास मिनिटाला 60 च्या वर जातो, बरगड्यांखाली खळगे पडतात, बाळ कण्हते. सीपॅप नाकातल्या छोट्या नळ्यांतून सतत थोडा दाब देतो, त्यामुळे फुगे पूर्ण मिटत नाहीत.

जॉर्ज ग्रेगरी आणि सहकाऱ्यांनी 1971 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत नवजात बाळांसाठी ही पद्धत मांडली. आपल्याकडे बबल सीपॅप बराच वापरतात. श्वास सोडण्याच्या नळीचे टोक पाण्यात 5 सेंटिमीटर बुडवले की तेवढाच दाब मिळतो. इतके ते साधे आहे! बुडबुडे थांबलेले दिसले तर लगेच सिस्टरना सांगा. बहुतेक वेळा नळी नाकातून सरकलेली असते.

प्रकृती सुधारू लागलेल्या बाळांना कधी हाय फ्लो देतात, म्हणजे गरम, दमट हवेचा वेगवान प्रवाह. सीपॅपला जोडून मशीनने अधूनमधून जास्त दाबाचा श्वास देणे, ही एनआयपीपीव्ही. एवढ्याने भागले नाही, तर श्वासनलिकेतून सर्फॅक्टंट देतात किंवा व्हेंटिलेटर लावतात. त्याचा अर्थ आधीचे उपचार चुकले असा नव्हे.

नाकाची त्वचा सोलणे, पोटात हवा भरणे हे त्रास होतात. फुफ्फुसाभोवती हवा साठणे क्वचित होते, पण ते गंभीर असते. बाळ स्थिर असेल तर सीपॅपवर असतानाही आईचे दूध नळीने देता येते आणि कांगारू केअरही करता येते. डॉक्टरांना विचारा, संकोच करू नका.

सरकारी रुग्णालयात जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बाळाचे उपचार मोफत आहेत.

डिस्चार्जच्या गडबडीत डोळ्यांची तपासणी मात्र राहून जाते. ऑक्सिजन जास्त झाल्यास अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या दृष्टिपटलाला इजा होऊ शकते. बाळ 34 आठवड्यांआधी जन्मले असेल किंवा जन्मवजन 2 किलोपेक्षा कमी असेल, तर 30 दिवसांच्या आत दृष्टिपटल तपासून घ्या. 28 आठवड्यांआधीचे किंवा 1200 ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे असेल, तर दोन ते तीन आठवड्यांतच.