स्मशान, स्तूप, समाधी, थडगे : चिरविश्रांतीच्या जागांची नावे

गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला एखादा कोरीव दगड उभा असतो. कोणी त्याला समाधी म्हणतो, कोणी थडगे, तर कोणी नुसताच देव. प्रत्यक्षात तो बहुधा वीरगळ असतो. मृतांच्या विश्रांतिस्थानांसाठी मराठीत अनेक शब्द आहेत आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. खाली काय आहे, या प्रश्नाचे प्रत्येक शब्दाचे उत्तर वेगळे आहे : देह, अस्थी, वापरातील वस्तू की केवळ स्मृती?

श्मशान : आधी टेकाड, मग दहनभूमी

आज स्मशान म्हटले की चिता डोळ्यांपुढे येते. यास्काच्या निरुक्तात मात्र ‘श्म’ म्हणजे शरीर आणि शरीर जेथे शयन करते ते श्मशान, अशी व्युत्पत्ती दिली आहे. शतपथ ब्राह्मणात दहनानंतर अस्थींवर रचायच्या मातीच्या उंचवट्यालाच हा शब्द लावला आहे. देवांना मानणाऱ्यांचे श्मशान चौकोनी, तर असुर वृत्तीच्या व पूर्वेकडील लोकांचे गोल असते, असे हा ग्रंथ सांगतो. मृताच्या वर्णानुसार उंचवट्याची उंचीही त्यात ठरवून दिली आहे. भेदाभेद मरणानंतरही सुटला नव्हता. प्राकृतातील ‘मसाण’ या रूपातून मराठीत मसण आणि मसणवटा हे शब्द आले.

विदर्भातील शिलावर्तुळे अशा लिखित नियमांविना उभी राहिली. नागपूरजवळील जुनापाणी, माहूरझरी, नायकुंड येथे मोठ्या धोंड्यांची वर्तुळे आणि त्यांच्या आत दगडमातीचा ढीग आढळतो. इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकातील या दफनांत लोखंडी अवजारे, काळी-तांबडी मृद्भांडी आणि घोड्यांचा साज सापडला आहे. त्याहून जुन्या, पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या वस्तीत घराच्या जमिनीखालीच दफन होत असे. लहान मुलांना तोंडाला तोंड लावून ठेवलेल्या दोन रांजणांत पुरत. यासाठी पुरातत्त्वज्ञ ‘कुंभदफन’ ही संज्ञा वापरतात.

स्तूप आणि चैत्य

गोल टेकाडाला बौद्धांनी स्तूपाचे रूप दिले. पालीत त्याला ‘थूप’ म्हणतात. परंपरेने स्तूपाचे तीन प्रकार मानले आहेत. शारीरिक स्तूपात अस्थी, तर पारिभोगिक स्तूपात वापरातील वस्तू असते. उद्देशिक स्तूप मात्र केवळ स्मरणार्थ उभारलेला असतो. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये नालासोपारा येथील स्तूप उत्खनित केला. तेव्हा दगडी पेटीत एकात एक ठेवलेले करंडक आणि बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले गेलेले तुकडे मिळाले. भाजे येथील चौदा स्तूपांच्या समूहातील काहींवर थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची नावे कोरलेली आहेत. ‘चैत्य’ आणि ‘चिता’ हे दोन्ही शब्द ‘चि’, म्हणजे रचणे, या एकाच धातूपासून आले आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी जेथे अंत्यसंस्कार झाले, त्या दादरच्या स्थळाला चैत्यभूमी हे नाव म्हणूनच दुहेरी अर्थाने लागू पडते.

समाधी, छत्री, वृंदावन

समाधी ही मुळात योग्याची अवस्था. संन्याशाला जाळत नाहीत, पुरतात. म्हणून अवस्थेचे नाव जागेला मिळाले. ज्ञानेश्वरांनी १२९६ मध्ये आळंदीला समाधी घेतली, असे म्हणताना दोन्ही अर्थ एकत्र येतात. पुढे हा अर्थ रुंदावला. रायगडावर १६८० मध्ये शिवछत्रपतींचे दहन झाले, तरी तेथील वास्तू समाधीच म्हटली जाते. दहनस्थळावर घुमटीसारखे किंवा मंदिरासारखे स्मारक उभारले की ती छत्री. पुण्यातील वानवडी येथे १७९४ मध्ये निधन पावलेल्या महादजी शिंद्यांची छत्री आहे. तुळशीच्या चौथऱ्याच्या रूपातील स्मारक म्हणजे वृंदावन.

वीरगळ हा शब्द कन्नडमधून आला. ‘कल्लु’ म्हणजे दगड. खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्यावर चंद्रसूर्य, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. बोरिवलीजवळील एकसरच्या वीरगळांवर तर नौकायुद्ध कोरले आहे. सतीशिळेवर बांगड्या भरलेला, कोपरात वळलेला हात दिसतो. हे दोन्ही स्मृतिदगड आहेत. त्यांच्याखाली धन तर सोडाच, अस्थीही असतीलच असे नाही. तरीही गुप्तधनाच्या लोभाने ते उखडले जातात.

कबर, मकबरा, दर्गा

कबर हा अरबी शब्द. त्याच धातूपासून बनलेला मकबरा म्हणजे कबरीवरील वास्तू. औरंगजेबाच्या पत्नीचा मकबरा भव्य आहे, तर स्वतः औरंगजेबाची खुलदाबाद येथील कबर उघड्या आकाशाखाली आहे. दर्गा हा फारसी शब्द दरबार, उंबरठा या अर्थाचा. तो सत्पुरुषाच्या कबरीसाठी रूढ झाला. पारशांचा दख्मा या सर्वांहून निराळा. तेथे देह पुरत नाहीत आणि जाळतही नाहीत. तो पक्ष्यांच्या स्वाधीन करतात.

अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्याशी मराठीभाषक बेने इस्रायल समाजाची स्मृती जोडलेली आहे. गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या आणि बुडालेल्यांना दोन ढिगाऱ्यांखाली, पुरुष एकीकडे व स्त्रिया दुसरीकडे, पुरले, अशी त्यांची परंपरा सांगते. ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांच्यासाठी मातीचा उंचवटा हीच ओळख ठरली.

दहन करणाऱ्या घरांतही अंत्ययात्रेला जाण्यास ‘मातीला जाणे’ म्हणतात. प्रथा बदलल्या, तरी शब्दाने जुनी माती सोडलेली नाही. म्हणूनच रस्त्यासाठी सपाट होणारे शिलावर्तुळ ‘दगडांचा ढीग’ आणि पायरीला लावलेला वीरगळ ‘जुना दगड’ ठरतो, तेव्हा दगडाबरोबर तेथील माणसाची अखेरची खूणही पुसली जाते. योग्य नाव ठाऊक असणे, ही जतनाची पहिली पायरी आहे.