ठिगळांची यष्टी: शहापूर-मुरबाडच्या रस्त्यांवरचा ॲल्युमिनियमचा पत्रा

आजचा भाग पत्र्याबद्दल आहे.

परदेशात जुन्या ट्रकवर बसवलेल्या राहत्या गाड्या, म्हणजे कॅम्पर, हौसेनं दुरुस्त करणारे लोक असतात. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा ॲल्युमिनियमचा पत्रा, त्यावरचे पोचे, सुटलेले रिव्हेट यांच्यामागे ते सुट्ट्याच्या सुट्ट्या घालवतात. आपल्याकडे ही हौस परवडणारी नव्हती. पण ट्रकसारख्या चासीवर ॲल्युमिनियमचं घर उभं करायचं काम आपल्याकडे हजारोंनी झालं, आणि ते एसटीनं केलं.

घर हा शब्द मी उगाच वापरत नाहीये. शहापूर किंवा मुरबाड तालुक्यातल्या आतल्या गावाची मुक्कामी गाडी आठवा. रात्रीची शेवटची फेरी घेऊन यायची, देवळापाशी नाहीतर पारापाशी उभी राहायची. ड्रायव्हर-कंडक्टर तिच्यातच पथारी टाकायचे. पहाटे तीच गाडी शाळेची, बाजाराची, कल्याणला कामाला जाणाऱ्यांची पहिली गाडी व्हायची. मुरबाडला आजही रेल्वे नाही. शहापूर तालुक्यात आसनगाव, खर्डी, कसारा अशी स्टेशनं आहेत, पण डोळखांब किंवा किन्हवलीकडच्या माणसाला स्टेशनपर्यंत यायलाच आधी गाडी लागते. त्यामुळे एक गाडी पत्र्याच्या कामासाठी चार दिवस आत गेली, तर चार दिवस कुणाची तरी शाळा बुडायची. पत्रा लवकर दुरुस्त होतो की नाही, हा प्रश्न इथे दिसण्या-बिसण्याचा नव्हता.

आता थोडं मागे जाऊ. १ जून १९४८ला पुणे-अहमदनगर मार्गावर एसटीची पहिली गाडी धावली. लक्ष्मण केवटे कंडक्टर, किसन राऊत ड्रायव्हर. ती बेडफर्डची गाडी, बॉडी लाकडी, बाकांना काथ्याची भरणी. गंमत बघा, त्याच्या जेमतेम महिनाभर आधी, ३० एप्रिलला, ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात ब्रिटिशांनी लँड रोव्हर नावाची नवी गाडी मांडली होती आणि तिची बॉडी ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची होती. कारण साधं होतं. युद्ध संपलेलं, पोलाद रेशनवर आणि विमानांच्या कारखान्यांमुळे ॲल्युमिनियम हाताशी. म्हणजे हा धातू मोटारीच्या अंगावर आला तो काही फॅशन म्हणून नव्हे, टंचाईतून आला.

आपल्याकडे १९५४ला टेल्कोनं डेमलर-बेंझशी करार केला, १९५५ला अशोक लेलँड हे नाव आलं, आणि देशी चासी मिळू लागल्या. कारखान्यातून यायची ती फक्त चासी. इंजिन, चाकं, स्टिअरिंग, बस्स. वरचा डबा एसटी स्वतः बांधायची: पुण्याजवळ दापोडी, औरंगाबादेत चिकलठाणा, नागपूरला हिंगणा. लाकूड मागे पडलं, धातू आला, आणि पुढची कित्येक दशकं ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर ॲल्युमिनियमचा पत्रा ही एसटीची ओळख झाली. पोलादाच्या साधारण एक तृतीयांश वजन, म्हणून डिझेल कमी. पावसात लोखंडासारखा गंजत नाही. आणि तिसरं कारण, माझ्या मते सगळ्यात मोठं: रिव्हेटनं जोडलेला डबा रिव्हेट काढून सोडवता येतो. एक पत्रा गेला तर तेवढाच बदलायचा. आगारात किरकोळ काम, विभागीय कार्यशाळेत त्याहून मोठं, आणि डबाच थकला की मध्यवर्ती कार्यशाळेत पुनर्बांधणी. शहापूर आणि मुरबाड ही दोन्ही आगारं ठाणे विभागातली, त्यांच्या गाड्याही याच पायऱ्या चढायच्या.

आता प्रत्यक्ष काम. हे मला सांगायचंच आहे, कारण ‘लाल डबा’ म्हणून हसताना आपण त्यावरची ठिगळं कधी नीट बघत नाही.

माळशेजच्या किंवा कसाऱ्याच्या वळणावर समोरून ट्रक आला, गाडी कडेला दाबली गेली, बाजूचा पत्रा घासला. पोचा आला. लोखंडाच्या पत्र्यासारखा तो सरळ ठोकून काढायला गेलात तर फसलात. ॲल्युमिनियम ठोकलं की ताठर होतं, आणखी ठोकलं की चिरतं. आधी त्याला ऊब देऊन मऊ करावं लागतं. पुण्याच्या तांबट आळीतला कारागीरही तांबं असंच पुन्हा पुन्हा तापवून मऊ करतो, पण तांबं लाल होऊन सांगतं की आता पुरे. ॲल्युमिनियम काहीच सांगत नाही. रंग न बदलता ते ६६० अंशांना वितळतं, आणि पत्र्यात भोक पडल्यावरच कळतं. म्हणून जगभरच्या पत्राकारागिरांची जुनी युक्ती अशी: पत्र्यावर कपड्याचा साबण घासायचा आणि लांबून ज्योत फिरवायची. साबण करपून तपकिरी-काळा झाला की थांबायचं. मग मागून लाकडी हातोड्यानं, हळूहळू, कडेकडून मध्याकडे. सांगाड्याच्या खांबांना मात्र ही ऊब चालत नाही. ते कारखान्यात तापवून कडक केलेले असतात, ज्योत लागली की ताकद जाते.

चीर पडली असेल तर तिच्या टोकाला बारीक भोक पाडतात. ऐकायला उलटं वाटतं ना? पण टोकदार चिरेवर ताण एकवटतो, गोल भोकाशी तो पसरतो आणि चीर पुढे सरकत नाही. मग वरून ठिगळ. गॅसनं जोडणं अवघड, कारण ॲल्युमिनियमवर ऑक्साइडची पातळ साय असते आणि ती २००० अंशांच्याही वर वितळते. साय फुटेपर्यंत आतला धातू वाहून गेलेला. म्हणून रिव्हेट. भरीव रिव्हेटला दोन माणसं लागतात, बाहेरून एक ठोकणारा, आतून एक लोखंडी ठोकळा धरून बसणारा, आणि त्यासाठी आतली सीट, आतलं अस्तर उचकटावं लागतं. पॉप रिव्हेट एकटा माणूस बाहेरूनच मारतो. दहा मिनिटांचं काम, पण तो पोकळ, ताकद कमी, आणि नीट बसला नाही तर त्यातून पाणी झिरपतं. जुनं भोक घासून मोठं झालं असेल तर एक माप जाड रिव्हेट, आणि पत्र्याच्या कडेपासून रिव्हेटच्या जाडीच्या निदान दुप्पट अंतर, नाहीतर कड फाटते.

खरा शत्रू मात्र धडक नसून ओल. डबा ॲल्युमिनियमचा, चासी पोलादाची. दोन धातू एकमेकांना टेकले आणि मधे चिखलाचं पाणी राहिलं की बारीकशी बॅटरीच तयार होते आणि त्यात ॲल्युमिनियम खर्ची पडतं. लाल गंज दिसत नाही. पांढरी भुकटी दिसते, रंगाला फोड येतात, आणि एक दिवस पायरीजवळचा पत्रा बोटानं दाबला तर आत जातो. तानसा, वैतरणा, भातसा ही मुंबईला पाणी पाजणारी धरणं याच शहापूर तालुक्याच्या पावसावर भरतात, यावरून ओलीचा अंदाज करा. उपाय म्हणजे सांध्यात झिंक क्रोमेटचा पिवळट प्रायमर, मधे रबर किंवा रंगाचा थर, आणि लोखंडी स्क्रू अजिबात नाही. घाईत मारलेला एक लोखंडी स्क्रू पुढच्या दोन पावसाळ्यांत स्वतःभोवतीचा पत्रा खातो.

मग हे सगळं सोडलं का? २०१८च्या आसपास एसटीनं जुन्या चासींवर ॲल्युमिनियमऐवजी माइल्ड स्टीलचे डबे चढवायला सुरुवात केली. कारण सुरक्षेचं होतं. अपघातात ॲल्युमिनियमचा पत्रा फाटतो, त्याच्या धारदार कडा आत घुसतात, सांगाडा दबतो. ज्या गुणामुळे गाडी आगारात चटकन उघडता यायची, तोच गुण घाटात माणसांवर उलटायचा. जुन्या पत्र्याबद्दल हळवं होणाऱ्यांना, आणि त्यात मीही आलो, हे विसरून चालत नाही. निर्णय बरोबरच होता.

पण त्यानं काम बदललं. पोलादाचा डबा वेल्डिंगनं जोडतात. तो उघडत नाही, कापावा लागतो, आणि कापलेल्या जागी रंग नीट बसला नाही तर लाल गंज आतून चालू होतो. त्यात १ एप्रिल २०२३पासून परिवहन महामंडळांच्याही १५ वर्षांवरच्या गाड्यांची नोंदणी संपते असा केंद्राचा नियम आला, त्यामुळे डब्यावर डबा चढवत चासी जगवायचा हिशोबही बंद झाला.

भंगारात गेलेल्या जुन्या डब्यांचं काय होतं? ते वितळतात. खनिजापासून नवं ॲल्युमिनियम काढायला जेवढी ऊर्जा लागते, त्याच्या साधारण ५ टक्क्यांत. रंग, रिव्हेट, ठिगळं, साबणाचे डाग, सगळं एकाच भट्टीत. पोलादी स्क्रू तेवढे आधी वेचून काढावे लागतात.