थारोळ्याखालचं माळवं

आमच्याकडं भाजीपाल्याला माळवं म्हणतात. पुण्या-मुंबईच्या वाचकाला हा शब्द नवा वाटेल, पण कराड-पाटण भागातली म्हातारी माणसं बाजाराला निघताना अजून 'माळवं घिऊन येतो' असंच म्हणतात. उसाचा इतिहास लिहिलेला मी वाचलाय, कारखान्यांचा वाचलाय, धरणाचा तर वाचलाच. माळव्याचा काही माझ्या वाचनात आला नाही. बायकांचं काम, दोन-चार गुंठ्यांचा कारभार, त्याचा कसला इतिहास, असं वाटत असेल लिहिणाऱ्यांना. आमच्या घरच्या माळव्याची सुरुवात मात्र मला तारखेसकट सांगता येते.

11 डिसेंबर 1967. पहाटेचे सव्वाचार वाजून गेले होते. मी सात वर्षांचा. गव्हाला पाणी द्यायचं म्हणून आबा चारलाच मोट जुंपायला विहिरीवर गेले होते. ते पुढं कितीदा तरी सांगायचे. भरली मोट वर येत होती आणि बैल धावेवर मधेच थटले. काही केल्या पुढं पाऊल टाकेनात. आबांनी चाबूक उगारला, तेवढ्यात पायाखालची धावच हलली. विहिरीतलं पाणी कुणीतरी ढवळल्यासारखं काठावर आपटलं. इकडं घरात आईनं मला आणि आक्काला गोधडीसकट उचलून अंगणात आणलं आणि आमच्या डोळ्यांदेखत मावळतीकडची भिंत बसली. कोयनेचा भूकंप तो. तिकडं कोयनानगर उद्ध्वस्त झालं, दीडशेवर माणसं गेली. आमच्या गावात माणूस गेलं नाही, पण पुढं कितीतरी दिवस जमीन अधूनमधून हलायची. घरात झोपायला कुणी धजेना. सगळा गाव रानात, खोपी घालून. आमची खोप विहिरीशेजारीच पडली.

भूकंपानं विहिरीचं थारोळं तडकलं होतं. ज्यांनी मोट पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. विहिरीतनं वर आलेली मोट ज्या दगडी हौदात रिकामी होते ते थारोळं. तिथनं पाणी पाटाला लागतं आणि पाटानं रानात जातं. आमच्या थारोळ्याला खालच्या अंगाला बोटभर चीर गेली होती आणि मोट चालू असली की तिथनं पाणी पाझरत राहायचं. आबा गवंड्याच्या मागं लागले. पण त्या महिन्यात गवंडी कुणाला मिळणार? सगळ्या गावाच्या भिंती पडलेल्या. आई रोज खोपीतनं ती ओली जागा बघायची. एक दिवस म्हणाली, "अवो, पाणी जातंयच तर जाऊ दे. मी खाली मेथी टाकते."

आबांचा याला विरोध नव्हता. विरोध पुढं आला, माळवं विकायची गोष्ट निघाली तेव्हा. घरी खायला चार भाज्या लावणं वेगळं. पण पाटी डोक्यावर घेऊन बाजारात बसणं कुणब्याच्या बाईला कमीपणाचं वाटायचं. "आपण काय माळी-बागवान हाय? लोक तोंडात शेण घालतील," असं आबा म्हणाले. हे त्यांचं एकट्याचं मत नव्हतं. ज्वारी पिकवणारा मोठा आणि भाजी पिकवणारा लहान, ही उतरंड गावागावांत होती. वास्तविक शेतीतली खरी कारागिरी माळ्याच्या हातात. महात्मा फुल्यांचं घराणं मूळचं आमच्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. आडनाव गोऱ्हे. पुण्यात फुलांचा धंदा केला म्हणून फुले झाले. शेतकऱ्याचं दुखणं 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये 1883 साली मांडलं ते याच माणसानं. पुण्याची मोठी मंडई 1886 साली उघडली तेव्हा तिला गव्हर्नर रे साहेबाचं नाव होतं. आधी नगरपालिकेत असताना फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, हा पैसा शिक्षणावर घाला म्हणून. आणि पुढं त्याच मंडईला त्यांचं नाव लागलं. आबांना हे सगळं मी फार उशिरा सांगितलं. ते फक्त हसले.

आईला शिकवलं खालच्या आळीच्या माळ्याच्या काकूनं. धने तसेच पेरायचे नाहीत, पायताणाखाली रगडून दोन फाका करायच्या, मग उगवण सारखी होते. मेथी फोकायची, मुळा टोकायचा, वरंब्यावर लसूण लावायचा म्हणजे जागा वाया जात नाही. सगळी मेथी एकदम टाकायची नाही. आठ-आठ दिवसांनी एक-एक वाफा टाकला की दर बाजाराला पेंड्या निघतात. बी टाकल्यावर आंबवणी, मग चार-पाच दिवसांनी चिंबवणी, आणि पुढं रानाकडं बघून पाणी. हिवाळ्यात ऊन मऊ असतं, ओल टिकते, तेव्हा हावरटपणानं पाणी पाजलं तर मुळं कुजतात. पौषात धुई पडली की मावा येणार, हे ठरलेलं. त्यावर चुलीतली राख चाळून ठेवायची आणि सकाळी दहिवर पानावर असतानाच उधळायची. ऊन पडल्यावर राख चिकटत नाही. मी नि आक्का शाळेच्या आधी हे काम करायचो. बोटं गारठून वाकडी व्हायची आणि नाकातोंडात राख जायची. कडाक्याच्या रात्री आई बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायची. त्यानं थंडी किती हटायची देव जाणे, पण आम्हाला शेकोटी मिळायची.

तसं बघितलं तर या वाफ्यांत अर्धी पाव्हणीच होती. मिरची समुद्रापलीकडनं पोर्तुगिजांबरोबर आलेली. बटाटा आणि कोबी हे शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतनं आलेले. पण आईला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी तिनं मिरचीला परकं म्हटलं नसतं. तिची लाडकी होती ती कृष्णाकाठची काटेरी वांगी. बियाला एक चांगलं फळ हेरून त्याच्या देठाला लाल फडकं बांधायची, म्हणजे कुणी तोडत नाही. ते पिवळंजर्द पिकलं की बी काढून राखेत घोळायचं, वाळवायचं आणि गाडग्यात ठेवायचं. शेवटचे चार-सहा मुळे उपटायचे नाहीत. त्यांना डिंगऱ्या लागतात, त्यातल्या निम्म्या भाजीला आणि निम्म्या बियाला.

भूकंपानंतरच्या त्या भोगीला आमच्या रानातली पहिली मेथी निघाली. वांगी, घेवडा, गाजर काकूच्या मळ्यातनं आलं. खोपीतच भोगीची भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी झाली. त्याच आठवड्यात आई काकूबरोबर पाटी घेऊन बाजारात जाऊन बसली. आबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मीठ-मिरचीला घरात पैसे होते, मग बोलले.

1972 च्या दुष्काळानं खरं हाल माणदेशाचे केले. आम्ही त्या मानानं नदीकडचे. तरीही पौषातच आमची विहीर खडकाला लागली. आबा खडी फोडायच्या कामावर. घरात तांबड्या मिलोची भाकरी, गिळता गिळत नव्हती. आईनं बारा वाफ्यांतले आठ सोडून दिले आणि चार धरले. धुण्याचं, भांड्याचं, आंघोळीचं पाणी घागरीनं नेऊन घालायची. चाकवत आणि मेथी त्या चार वाफ्यांनी दिली. मिलोची भाकरी घशाखाली उतरली ती त्या पातळ भाजीमुळं.

1974 ला इंजिन आलं, किर्लोस्करांचं. किर्लोस्करवाडी आमच्यापासून काही फार लांब नाही. मोटेचं चामडं, नाडा, सोंदूर सगळं माळ्यावर गेलं आणि बैलांची जोडी विकली. इंजिनाचा पाइप आता सरळ पाटात पडणार, म्हणजे थारोळं कोरडं. आई आबांना म्हणाली, "आधी थारोळ्यात पडू द्या, मग पाटात जाऊ द्या." आबांनी काही न बोलता पाइप हातभर वळवला. आपल्या बायकोच्या माळव्याला त्यांनी दिलेली ती एवढीच पावती. 1976 ला माझ्या एसएससीच्या परीक्षेची फी आईनं पदराच्या गाठीतनं काढून दिली. अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावीची एसएससी नुकतीच आली होती. मी जे काही शिकलो ते असं मेथीच्या पेंड्यांवर.

आणि ते माळवं मोडलं मीच.

1987 ला नदीवरनं उपसा योजनेचं पाणी आमच्या शिवारात आलं. कारभार तोवर माझ्याकडं आला होता. सगळ्यांनी ऊस लावला, मीही लावला. उसाच्या सऱ्या सरळ जायला पाहिजेत, मधे ते चार गुंठे वाकडे येत होते. ट्रॅक्टरवाला म्हणाला, एवढ्यासाठी कशाला वळायचं? मी म्हणालो, घाल नांगर. आई विहिरीच्या कट्ट्यावर बसून बघत होती. काही बोलली नाही. घरी जाऊन तिनं फडताळातली बियांची गाडगी खाली घेतली आणि आक्का माहेरी आली तेव्हा तिच्या पिशवीत बांधून दिली.

मोट होती, विहिरीचं पाणी मोजून वापरावं लागायचं, तेव्हा आमच्या घरात हिवाळाभर आठ-दहा भाज्या असायच्या. दुष्काळात घागरीनं पाणी घातलं तेव्हाही चार वाफे होते. पाणी मुबलक आलं त्या वर्षी मी पहिल्यांदा बाजारातनं मेथीची पेंडी विकत आणली. पाणी कमी असतं तेव्हा माणूस वाफा-वाफा बघतो. पाणी आलं की नुसता एकर दिसतो. ऊस वाईट नाही, पोरांची लग्नं उसानंच केली. पण उसाच्या रानात हिवाळा येतो आणि जातो, माणसाला त्याची चाहूल लागत नाही. आणि उसाची पट्टी माझ्या नावावर यायची. आईच्या पदराची गाठ सुटली ती सुटलीच.

तीन-चार वर्षांनी शेतकरी संघटनेच्या एका सभेला गेलो होतो. 1986 ला चांदवडला बायकांचं मोठं अधिवेशन झालं होतं आणि पुढं शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती. जी घरची लक्ष्मी रानात राबते तिच्या नावावर जमिनीचा तुकडा करून द्या, असं म्हणणं होतं. मी जोरात टाळ्या वाजवल्या. घरी आलो तर आई गोठ्यात शेण काढत होती. बोलू बोलू म्हणून राहिलं. 2009 ला ती गेली. सातबाऱ्यावर तिचं नाव शेवटपर्यंत कुठं लागलं नाही. बायकोचं लावलं 2011 ला. तीही म्हणाली, "आता आठवलं व्हय?"

त्याच साली खोडवा निघाल्यावर थारोळ्याखालचे चार गुंठे मी पुन्हा मोकळे केले. बी नव्हतं. दुकानातनं आणलेल्या वांग्याला ती चव लागेना. मग आक्काच्या गावी गेलो. तिच्या परड्यात आईचीच काटेरी वांगी उभी होती, चोवीस वर्षं तिनं बी मोडू दिलं नव्हतं. निघताना तिनं बी पुरचुंडीत बांधून दिलं आणि वर दोन शब्दही ऐकवले, ते इथं लिहीत नाही.

आता आमच्याकडं शेतीची वीज एका आठवड्यात दिवसा तर एका आठवड्यात रात्री असते. रात्रपाळीच्या आठवड्यात बॅटरी घेऊन, कान झाकून, मी पाणी पाजायला जातो. मुलगा म्हणतो, ठिबक टाकू, कशाला रात्रीचं मरताय. उसाला टाकलंय. इथं अजून पाइप थारोळ्यात सोडतो. चीर गाळानं बुजली होती, ती मी खुरप्याच्या टोकानं मोकळी केलीय. यंदा मार्गशीर्षात धुई लवकर पडली, मावा आला. गॅस आल्यापासून घरात राख मिळत नाही. आंघोळीचं पाणी तापवायला बंब पेटतो, त्याची साठवून ठेवतो. बियाचं वांगं बायकोनं हेरलंय. लाल फडकं सापडेना, म्हणून नातीच्या केसांची रिबीन बांधलीय.