कोरणे आणि लिहिणे

'कार्व्ह' या इंग्रजी क्रियापदाचा मूळ अर्थ कापणे असा होता. कोरणे हा अर्थ त्यातूनच आला. ग्रीक 'ग्राफेइन' हे त्याच धातुकुळातील मानले जाते. त्याचा अर्थ प्रथम ओरखडणे, पुढे लिहिणे असा झाला. संस्कृत 'लिख्' धातूची वाटचालही अशीच आहे. कोरणे व लिहिणे यांच्या या नात्याची मराठी साक्ष तंजावरला आढळते. १७९९ च्या तहाने तेथील राज्यकारभार इंग्रजांकडे गेला. त्यानंतर १८०३ साली सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर मराठीत कोरविला. सत्ता कागदावरील तहाने गेली. वंशाचा वृत्तान्त मात्र पाषाणावर राहिला, आणि तो आजही वाचता येतो.