आरसा, लिपस्टिक आणि डेकवरचं विमान

जहाजावर विमान उतरवण्याचा पहिला मान यूजीन इलीचा. १८ जानेवारी १९११ रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात ‘पेनसिल्व्हेनिया’वर तो उतरला. वाळूच्या पिशव्या बांधलेल्या आडव्या दोरांनी विमान रोखलं. पण जहाज नांगरलेलं होतं. चालत्या जहाजावर प्रथम उतरला तो ब्रिटिश एडविन डनिंग, ऑगस्ट १९१७ मध्ये. पाचच दिवसांनी पुन्हा उतरताना तो बुडाला.

पुढे डेकच्या काठाशी एक अधिकारी उभा राहू लागला. हातातल्या रंगीत बॅटींनी तो वैमानिकाला वर-खाली, डावीकडे-उजवीकडे सांगे. पंख्याच्या विमानांपुरतं हे निभावलं. जेट आली तेव्हा मात्र खरी पंचाईत झाली. वेग जास्त, आणि थ्रॉटल ढकलल्यावर इंजिन जोर धरायला वेळ लावणार. अधिकाऱ्याने चूक पाहून बॅट हलवायची, वैमानिकाने ती ओळखायची, एवढी सवड उरलीच नाही.

१९५१ मध्ये ब्रिटिश नौदलातल्या निकोलस गुडहार्टने हा मधला माणूसच वगळायचं ठरवलं. सांगतात ते असं : त्याने ऑफिसातल्या सेक्रेटरीकडून पावडरच्या डबीचा आरसा आणि लिपस्टिक मागून घेतली, आरशावर आडवी रेघ ओढली, शेजारी टॉर्च ठेवला. टॉर्चचं प्रतिबिंब रेघेवरून ढळू न देता चालत ये, असं तिला सांगितलं. ती आली ती थेट हनुवटी टेबलाला टेकेपर्यंत! गोष्टीला थोडा मीठमसाला लागला असेलही. भूमिती मात्र चोख आहे.

जहाजावर रेघेच्या जागी आरशाच्या दोन्ही बाजूंना हिरव्या दिव्यांची रांग आली. प्रकाशाचा ठिपका रांगेच्या वर दिसला तर विमान उंच, खाली दिसला तर धोका व्हावा इतकं खाली. जहाज डुललं तरी उताराची रेषा ढळू नये म्हणून आरशाला जायरोस्कोपचा आधार दिला. १९५२ मध्ये ‘इलस्ट्रियस’वर चाचण्या झाल्या. गुडहार्ट स्वतः कसलेला ग्लायडर वैमानिक होता. १९५६ मध्ये दोन आसनी ग्लायडरचं जागतिक विजेतेपदही त्याने फ्रँक फॉस्टरबरोबर जिंकलं. इंजिनाविना उतरणाऱ्याला उताराच्या कोनाचं मोल वेगळं शिकवावं लागत नाही.

आरशाची जागा पुढे भिंगांनी घेतली. अमेरिकी वैमानिक अजूनही शेवटच्या टप्प्यात ठिपका दिसताच रेडिओवर ‘बॉल’ असं कळवतो. ते ऐकणारा अधिकारी त्याच काठाशी उभा असतो. बॅटी गेल्या, पण त्याच्या हातात एक बटण आलं : लक्षण ठीक दिसलं नाही, तर तो लाल दिवे लावून विमान परत आकाशात पिटाळतो, आणि त्यावर वैमानिकाला वाद घालता येत नाही.