शोधायला गेले बॉम्ब, सापडलं भलतंच

१९६३ साली अणुचाचण्यांवर बंदीचा करार झाला. रशिया अंतराळात चोरून स्फोट करतोय का, हे बघायला अमेरिकेने 'वेला' उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ ला त्यांनी गॅमा किरणांचा झोत टिपला. पण खूण बॉम्बची नव्हती. लॉस अलामॉसच्या क्लेबेसाडेल आणि सहकाऱ्यांनी घाई केली नाही. पुढच्या उपग्रहांच्या नोंदींच्या वेळा ताडल्या; उगम ना पृथ्वी, ना सूर्य. १९७३ ला असे १६ झोत जाहीर केले. ते अब्जावधी प्रकाशवर्षं दूरचे असतात, हे कळायला १९९७ उजाडलं.

ती नोंद तेव्हा माझ्या हाती आली असती, तर खरं सांगतो, 'रशियाचा अंतराळात स्फोट!' असा मथळा मी संध्याकाळीच लावला असता. पुढचं काय झालं असतं, तुम्हीच विचार करा. म्हणून फॉरवर्ड करण्याआधी जरा थांबा. मीही थांबतो.