जस्ताचं पिस्तूल

पिस्तूल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी येतात. एक सिनेमातलं, जे कधी अडकत नाही आणि ज्यातल्या गोळ्या कधी संपत नाहीत. दुसरा पेपरात आतल्या पानावरचा 'गावठी कट्टा', ज्याच्यासह एकास अटक झालेली असते. आपल्याकडे परवान्याचं हत्यार ही इतकी दुर्मिळ आणि महागडी भानगड आहे की तिसरी शक्यता सुचतच नाही. म्हणजे स्वस्त, कायदेशीर, दुकानात खोक्यातून पावतीसकट मिळणारं पिस्तूल, आणि त्याच्याबद्दल मिक्सर-कुकरसारख्या तक्रारी करणारे त्याचे मालक.

अमेरिकेत हे सगळं आहे, आणि गेले काही वीकांत मी त्याच्याच मागे लागलो होतो. बंदुकांची आवड म्हणून नव्हे (माझा अनुभव दिवाळीतल्या टिकल्यांच्या पिस्तुलापुरता आहे). त्यात मला एक बग सापडला म्हणून. माझा नव्हे, पिस्तुलाचा. पण त्या बगपर्यंत पोचायला थोडा इतिहास लागेल, तेव्हा चहा घेऊन बसा.

१९६८ साली एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचे खून झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये 'गन कंट्रोल अ‍ॅक्ट' आला. पोस्टाने बंदूक मागवणं बंद झालं, आणि बाहेरून येणाऱ्या पिस्तुलांसाठी चक्क मार्कलिस्ट तयार झाली. लांबी इतकी, उंची इतकी, वजनाला इतके गुण, सेफ्टीला इतके गुण. एकूण ७५ गुण मिळाले तर पास, नाहीतर देशात प्रवेश नाही. उद्देश असा, की युरोपातून येणारी खिशात मावणारी स्वस्त पिस्तुलं थांबावीत. ह्या परीक्षेत नापास झालेल्यांत कोण होतं माहीत आहे? जेम्स बाँडचं वॉल्थर पीपीके! उंचीत थोडक्यात गेलं. मग वॉल्थरने त्याच्या धाकट्या स्लाइडखाली मोठ्या भावाचा सांगाडा बसवला आणि पीपीके/एस नावाने पुन्हा अर्ज भरला. ग्रेस मार्क्स मिळवण्याचा हा प्रकार इंजिनिअरिंगवाल्यांना नवीन नसावा.

पण खरी गंमत पुढेच आहे. ही परीक्षा फक्त आयात मालाला होती. तेच पिस्तूल, तितकंच चिमुकलं आणि तितकंच कच्चं, अमेरिकेत बनवलं तर कोणी एक गुणही विचारणार नव्हतं. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी एक आयोग स्थापन झाला. खेळणी, पाळणे, टोस्टर सगळं त्याच्या अखत्यारीत. बंदुका मात्र वगळलेल्या. म्हणजे टिकल्यांच्या पिस्तुलाला नियम आणि खऱ्याला माफी.

लॉस एंजेलिसच्या बाजूला जॉर्ज जेनिंग्ज नावाचा एक यंत्रकाम करणारा माणूस होता, विमान उद्योगासाठी सुटे भाग बनवायचा. गहाणवट दुकान चालवणारा त्याचा एक ओळखीचा 'आता स्वस्त पिस्तुलं येत नाहीत' म्हणून कुरकुरला आणि जेनिंग्जने मनावर घेतलं, असा किस्सा सांगतात. १९७० साली त्याने 'रेव्हन आर्म्स' काढली. पिस्तूल एमपी-२५, गोळी .२५ ची, म्हणजे जॉन ब्राउनिंगने १९०५ च्या सुमाराला खिशातल्या पिस्तुलांसाठी बनवलेली छोटीशी.

ते स्वस्त कसं झालं हे जरा सावकाश सांगतो, कारण पुढचं सगळं ह्यावरच उभं आहे.

पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग म्हणजे स्लाइड. गोळी सुटली की तिच्या धक्क्याने स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते, आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे येताना मॅगझिनमधलं पुढचं काडतूस नळीच्या मागच्या टोकाला, चेंबरमध्ये, ढकलते. आपण नुसता चाप ओढायचा, दर वेळी एक गोळी. हे झालं सेमी-ऑटोमॅटिक. आता गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत मागचं दार बंद राहिलं पाहिजे. महागड्या पिस्तुलात त्यासाठी नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकतात आणि नंतर सुटतात. त्याला बारीक मशीनिंग लागतं. स्वस्त उपाय म्हणजे 'ब्लोबॅक': काहीच अडकवायचं नाही. स्लाइडचं वजन आणि स्प्रिंगची ताकद एवढ्यावरच दार क्षणभर टिकतं. .२५ सारख्या अशक्त गोळीला हे पुरतं.

दुसरी बचत धातूत. पोलादाचा ठोकळा कोरत बसण्यापेक्षा साच्यात ओतून काढणं स्वस्त, आणि ओतायला सगळ्यात सोपा धातू म्हणजे झामॅक. जस्तात थोडं अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. ह्यांच्या जर्मन नावांच्या आद्याक्षरांवरून झामॅक. आपल्या लहानपणीच्या धातूच्या छोट्या मोटारी, बॅगेच्या चेनचे सरकते तुकडे, दाराच्या मुठी ह्याच कुळातल्या. साधारण ३८५ अंश सेल्सिअसला तो वितळतो. इलिनॉय आणि साउथ कॅरोलायनाने ह्याच आकड्यावर कायदा बेतला: ८०० अंश फॅरनहाइटच्या, म्हणजे सुमारे ४२७ सेल्सिअसच्या, आत वितळणारं पिस्तूल दुकानदाराने विकायचं नाही. पिस्तूल भट्टीत कोण घालतंय म्हणा! पण 'स्वस्त पिस्तूल' ह्याची व्याख्या कायद्याला दुसरी सापडत नव्हती.

जेनिंग्जचं पिस्तूल खपलं. मग मुलाने वेगळी कंपनी काढली, जावयाने काढली, मुलाच्या शाळासोबत्याने काढली. ब्रायको, डेव्हिस, लॉर्सिन. भाऊबंदकी म्हणावी तर सगळे सुखात होते. लॉस एंजेलिसभोवती पसरलेल्या ह्या गोतावळ्याला 'रिंग ऑफ फायर' हे नाव गॅरेन विंटेम्यूट ह्या डॉक्टरच्या १९९४ च्या पुस्तकाने रूढ केलं. हा माणूस इमर्जन्सी रूममध्ये काम करणारा, म्हणजे ह्या उत्पादनाचा परिणाम दुसऱ्या टोकाला बघणारा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बनणाऱ्या एकूण पिस्तूल-रिव्हॉल्व्हरपैकी साधारण एक तृतीयांश ह्या मोजक्या कारखान्यांतून निघत होती. बरीचशी शंभर डॉलरच्या आतबाहेरची.

ती घेणाऱ्यांचा अनुभव काय होता? बरेच जण घ्यायचे, कपाटात ठेवायचे आणि वर्षानुवर्षं एकही गोळी झाडायचे नाहीत. त्यांच्या लेखी ते उत्तमच होतं. जे झाडायचे त्यांना काडतूस अडकणं, पुंगळी बाहेर न पडणं, झिजलेल्या भागांमुळे आणखी अडकणं हे सगळं माहीत होतं. जस्त पोलादासारखं मार खात नाही, त्यामुळे जितकं वापरावं तितकं बिघडतं. पण वापरणारेच कमी, म्हणून तक्रारीही कमी. प्रॉडक्शनला न गेलेल्या कोडमध्ये बग नसतात, तसंच.

आता तो बग.

असं पिस्तूल रिकामं करायचं तर आधी मॅगझिन काढायचं. पण चेंबरमध्ये एक काडतूस उरलेलं असू शकतं. ते काढायला स्लाइड मागे ओढावी लागते. ब्रायकोच्या मॉडेल ३८ मध्ये सेफ्टी चालू असेल तर स्लाइड हलायचीच नाही. म्हणजे पिस्तूल रिकामं करायला, जी सगळ्यात सावधपणे करायची गोष्ट, आधी सेफ्टी काढावी लागणार. सेफ्टी काढल्याशिवाय सुरक्षित होता येत नाही!

एप्रिल १९९४ मध्ये कॅलिफोर्नियात एका घरी अगदी हेच झालं. घरात सात वर्षांचा मुलगा होता. कुटुंबाच्या ओळखीचा विशीतला तरुण, घरात भरलेलं पिस्तूल नको म्हणून, ते रिकामं करायला गेला. सेफ्टी सरकवली, बोट चापाला लागलं. गोळी मुलाच्या हनुवटीत शिरली आणि तो मानेखाली कायमचा लुळा झाला.

ह्यात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. सेफ्टीने स्लाइड अडवणं ही काही फक्त स्वस्त पिस्तुलाची खोड नाही. ब्राउनिंगचं विख्यात १९११, जे अमेरिकन सैन्याने कित्येक दशकं वापरलं, त्यातही सेफ्टी चढवली की स्लाइड अडते. मग ब्रायकोलाच दोष का? तर मुलाच्या वकिलाने कोर्टात मांडलेलं कारण असं: आधीच्या डिझाइनमध्ये सेफ्टी चालू ठेवून स्लाइड ओढता यायची, पण तसं केलं की काडतूस अडकायचं. अडकणं दुरुस्त करायचं तर भाग बदला, साचे बदला, खर्च वाढवा. त्याऐवजी सेफ्टी चालू असताना स्लाइड ओढताच येणार नाही असं करून टाकलं. अडकण्याची तक्रार संपली.

हे वाचताना मला आमच्या धंद्यातला एक वाकप्रचार आठवला: बटण दाबल्यावर क्रॅश होतंय? बटण डिसेबल करून टाक. आम्ही सगळ्यांनीच असे टिकेट बंद झालेले पाहिले आहेत. फरक इतकाच की आमच्याकडे फार तर रिपोर्ट चुकतो.

मे २००३ मध्ये ओकलंडच्या ज्यूरीने डिझाइन सदोष ठरवलं. एकूण नुकसानभरपाई सुमारे ५.१ कोटी डॉलर. त्यातला जवळजवळ निम्मा भार उत्पादक आणि त्याच्याशी जोडलेल्यांवर. कंपनीने लगेच दिवाळखोरीचा अर्ज केला.

इथे 'जस्त वाईट, स्वस्त वाईट' म्हणून थांबता आलं असतं. पण मग ओहायोतल्या मॅन्सफील्ड गावाचं काय करायचं? कोलंबसला ऑनसाइट होतो तेव्हा क्लीव्हलंडला जाताना ह्या गावाची पाटी लागायची. तिथे टॉम डीब नावाच्या दुसऱ्या यंत्रकाम करणाऱ्याने उभं केलेलं 'हाय-पॉइंट' पिस्तूल बनतं. धातू तोच, झामॅक. तत्त्व तेच, ब्लोबॅक. आणि गोळी मात्र .२५ नाही, नाइन एमएम (जी आपल्याकडे सामान्य माणसाला परवान्यावरही मिळत नाही). एवढ्या दणकट गोळीला दार बंद ठेवायचं तर स्लाइड अवजड हवी. म्हणून सी-९ मॉडेल वरच्या बाजूने एखाद्या विटेसारखं दिसतं, वजन आठशे ग्रॅमच्या वर, आणि मॅगझिनमध्ये गोळ्या फक्त आठ. टीममधल्या एका ओहायोवाल्याकडे ते होतं. तो म्हणायचा, "आपल्या मेनफ्रेमसारखं आहे. बघवत नाही, पण चालतं."

ह्याचे मालक हा एक वेगळाच संप्रदाय आहे. पिस्तूल उघडून साफ करायचं तर हातोडी आणि पंच घेऊन एक पिन ठोकून काढावी लागते, हे ते अभिमानाने सांगतात. काडतूस अडकायला लागलं की दोष बहुधा मॅगझिनच्या वरच्या ओठांचा; ते पकडीने किंचित वाकवायचे, हा पिढीजात उपाय. टोकाला पोकळ असलेल्या गोळ्या सगळ्याच पचत नाहीत, तेव्हा कुठल्या चालतात ते आपापलं शोधायचं. २०१९ मध्ये कंपनीने नव्या मॉडेलला नाव सुचवा म्हटलं, तर लोकांनी 'यीट कॅनन' हे टवाळ नाव निवडून दिलं, आणि कंपनीला ते मान्य करावं लागलं.

ह्या सगळ्या थट्टेखाली एक गोष्ट आहे: आजन्म वॉरंटी. तीही पिस्तुलाला, मालकाला नव्हे. चौथ्या हाताने घेतलं असेल, पावती नसेल, तरी कारखान्याकडे पाठवा, दुरुस्त होऊन येतं. म्हणजे प्रत्येक बिघाड परत कारखान्याच्या टेबलावर येणार, आणि त्याचा खर्च बनवणाऱ्याच्याच खिशातून जाणार. कॅलिफोर्नियात तक्रार डिझाइनमध्ये पुरली गेली, ओहायोत ती टपालाने परत यायची. माझ्या मते फरक धातूत नाही, इथे आहे.

हाय-पॉइंटला संत ठरवायचं कारण नाही. १९९९ साली कोलंबाइनच्या शाळेत वापरलेल्या बंदुकांपैकी एक ह्यांचीच कार्बाइन होती. चांगली वॉरंटी असलेलं हत्यारही हत्यारच. पण 'मग स्वस्त पिस्तुलं सरसकट बंद करा' म्हणणाऱ्यांना मागचा इतिहास नडतो. टेनेसीने १८७९ मध्ये नेमकं हेच केलं होतं: सैन्याच्या धर्तीची महाग पिस्तुलं सोडून बाकी सगळ्यांची विक्री बंद. ज्यांच्याकडे सैन्यातली पिस्तुलं आधीच होती त्या गोऱ्यांना काही फरक पडला नाही. नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्यांना पडला, आणि रात्री दार ठोठावलं जाण्याची भीती त्यांनाच जास्त होती. किंमत हा निकष लावला की कात्री नेहमी एकाच बाजूला लागते. कॅलिफोर्नियाने १९९९ च्या कायद्यात जरा शहाणपणा केला: किंमत नाही, वितळबिंदू नाही, सरळ चाचणी. ६०० गोळ्या झाडून दाखवा, वरून टाकल्यावर आपोआप सुटत नाही हे दाखवा. टेस्ट केस लिहिणाऱ्या कोणालाही हे पटावं.

ब्रायकोची गोष्ट दिवाळखोरीत संपली नाही. ऑगस्ट २००४ मध्ये तिच्या मालमत्तेचा लिलाव झाला. बोली लावणाऱ्यांत तो मुलगा होता, आता सतरा-अठरा वर्षांचा, चाकाच्या खुर्चीतला. कारखाना विकत घेऊन उरलेली पिस्तुलं वितळवून टाकायची, एवढीच त्याची इच्छा. देणग्यांच्या मदतीने तो ५ लाख ५ हजार डॉलरपर्यंत गेला. कंपनीचा जुना फोरमन पॉल हिमेनेझ ५ लाख १० हजारांवर थांबला आणि कारखाना त्याचा झाला. 'हिमेनेझ आर्म्स' नावाने तेच साचे पुन्हा सुरू झाले, पुढे नेव्हाडात हलले. २०२० मध्ये तीही कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी नेव्हाडात 'जेए इंडस्ट्रीज' नावाच्या नव्या कंपनीला पिस्तुलं बनवायचा परवाना मिळाला. जेए म्हणजे काय, ते सांगायला नकोच.